उंडोचं पोट

मांजराला औषध द्यायला बाई बसल्या की घराच्या खिडक्या बंद व्हायच्या. मांजर पळेल म्हणून नव्हे. ते आधीच टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलेलं असायचं. शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून. भर मे महिन्यात आम्ही दोघी त्या कोंडलेल्या खोलीत घामाने निथळत बसायचो आणि बाई हळू आवाजात मला सांगायच्या, "मान धर गो. दुखवू नकोस, पण सोडूही नकोस."

गोव्यातल्या लाटंबार्शाहून मी पेडण्याला आले ती प्राथमिक शाळेतल्या पहिल्या नोकरीवर. रोजचं जाणं-येणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून बाईंच्या घरातली मागची खोली घेतली. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. लग्न केलं नव्हतं. आजूबाजूच्या निम्म्या लोकांना त्यांनीच बाराखडी शिकवलेली, त्यामुळे पोरंबाळं झालेले बाप्येसुद्धा त्या दिसल्या की विडी मागे लपवायचे. मी त्यांची भाडेकरू होते, पण पहिल्या आठवड्यातच त्यांची विद्यार्थिनी झाले, आणि विषय होता मांजरं.

मांजरांची नावं व्याकरणातली होती. दिवसभर या कौलावरून त्या कौलावर उड्या मारणारी काळी मांजरी क्रियापद. दारातल्या पायपुसण्यावर बसलेला, पावसाळा आला-गेला तरी न हललेला जाड बोका अव्यय. तिसरी विशेषण, कारण ती सतत कुणाच्या तरी पायाला चिकटलेली असे. बाई त्यांच्याशी शुद्ध, पुस्तकी मराठीत बोलत. "अव्यय, बाजूला सरकावे," असं म्हणत आणि थांबत. अव्यय सरकत नसे. मग बाईच वळसा घालून जात.

औषध देण्याची त्यांची रीत मात्र बघण्यासारखी होती. गोळी असेल तर डाव्या हाताने मांजराचं डोकं वरून धरायचं, अंगठा आणि मधलं बोट जबड्याच्या दोन कोपऱ्यांत. डोकं मागे कललं की तोंड आपोआप उघडतं. गोळी जिभेच्या अगदी मुळाशी टाकायची, तोंड मिटायचं आणि गळ्यावरून बोट खाली फिरवत राहायचं. मांजराने जीभ काढून नाक चाटलं की गोळी गेली. पातळ औषध असेल तर ड्रॉपर समोरून घालायचा नाही, गालाच्या बाजूने थेंब थेंब सोडायचं, नाहीतर ते श्वासनळीत जाऊन ठसका लागतो. हे सगळं झालं की बाई मांजराला खाली ठेवत, त्याच्याकडे बघून "क्षमस्व" म्हणत आणि तळलेल्या तारली माशाचा तुकडा पुढे करत. मांजर आपल्याकडे राहतं ते विश्वासावर, आणि औषध देताना आपण तोच मोडतो, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून माफी.

मी एकदा विचारलं की यात एवढं लपवण्यासारखं काय आहे, मांजर म्हटलं की जंत आलेच. बाईंनी भिंतीकडे तोंड केलं आणि मला ती गोष्ट सांगितली. त्या मुख्याध्यापिका असताना शिक्षण खात्याचे एक साहेब शाळा तपासून झाल्यावर त्यांच्याकडे चहाला आले होते. पांढरी शुभ्र पँट. क्रियापदाची आई त्यांच्या मांडीवर जाऊन बसली. साहेबांना मांजरं आवडायची, त्यांनी तिला बराच वेळ गोंजारलं. ती उतरून गेली तेव्हा त्यांच्या पँटीवर भाताची दोन शितं राहिली. साहेबांनी ती झटकण्यासाठी बोट पुढे केलं, आणि एक शीत चालायला लागलं.

"काही बोलले नाहीत ते," बाई म्हणाल्या. "चहा अर्धा ठेवून उठले, एवढंच."

बाईंनी नंतर कितीतरी मुलांना पहिलं आणलं, शाळेला नवं छप्पर मिळवून दिलं, पण त्या साहेबांचं नाव निघालं की त्यांना ती पँटच दिसायची. त्या दिवसापासून घरातलं हे एक गुपित झालं. जंत हा शब्द त्या टाळत. "ती भानगड" म्हणत. औषधाच्या बाटलीवरचं लेबल पाण्याने भिजवून खरवडून टाकत. पेडण्यात गुरांचा दवाखाना होता, पण तिथला कंपाउंडर त्यांचा विद्यार्थी, म्हणून तिथे जायचं नाही. म्हापशाला जायचं. आणि बाई स्वतः गेल्या तर लोक विचारणार, म्हणून मी जायचं.

एका खेपेला म्हापशाच्या डॉक्टरांनी मांजराची विष्ठा तपासायला आणायला सांगितली. बाईंनी ती प्लॅस्टिकमध्ये बांधून पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात घातली आणि वर छान दोरा बांधून दिला. कोलवाळला आमच्या शाळेतल्या एक बाई बसमध्ये चढल्या आणि नेमक्या माझ्या शेजारी बसल्या. त्यांनी खोकं पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कानाशी येऊन विचारलं, "ठरलं का गो?" मी नाही म्हटलं, तर त्यांना वाटलं मी लाजतेय. सोमवारपर्यंत सगळ्या शाळेत माझं लग्न ठरलेलं होतं. खरं काय ते सांगण्यापेक्षा मी पुष्कळ दिवस तसंच राहू दिलं. त्या घरात राहून मलाही ती लाज लागली होती.

हे सगळं चाललं तेव्हा गोव्यात भाषेचा वाद पेटला होता. राजभाषा कोंकणी की मराठी, यावरून सभा होत होत्या, मोर्चे निघत होते, रस्ते अडत होते. बाई अर्थातच मराठीच्या. त्यांचं सगळं आयुष्य त्या भाषेवर गेलेलं. कुंपणापलीकडे राहणारा उल्हास कोंकणीचा. म्हापशाला एका कचेरीत नोकरी, मोटरसायकलवरून जाणं-येणं. तो बाईंचा विद्यार्थी, आणि तोही आवडता. निबंध लिहावा तर उल्हासनेच, असं बाई पूर्वी सगळ्यांना सांगत. एका सभेत तो कोंकणीच्या बाजूने बोलला आणि चांगलं बोलला, असं बाईंच्या कानावर आलं. त्याने चांगलं बोलावं हेच त्यांना जास्त लागलं.

त्या दोघांचं शेवटचं भांडण मी ऐकलं आहे. कुंपणाच्या दोन बाजूंना उभे राहून दोघं मराठी थोर की कोंकणी थोर यावर तावातावाने बोलत होते, आणि दोघंही पेडण्याच्या घरगुती बोलीतच बोलत होते. मला हसू येत होतं. पण शेवटी बाई म्हणाल्या की तुला शिकवलं ते फुकट गेलं, आणि उल्हास आत निघून गेला. त्यानंतर बोलणं बंद.

बंद झालं ते मोठ्यांचं. उल्हासची मुलगी सुलू माझ्याच वर्गात, तिसरीत होती. तिला कुंपणातली फट माहीत होती. बाईंना ती 'बाईआजी' म्हणायची, आणि बाई तिच्याशी शुद्ध मराठीत बोलायच्या नाहीत. मांजरांशी बोलत त्यापेक्षा साध्या भाषेत बोलत.

क्रियापदाला पिल्लं झाली. त्यातलं एक पांढरं-तांबूस पिल्लू सुलूने मागितलं. मी तेव्हा सुट्टीत घरी, लाटंबार्शाला गेले होते. परत आले तेव्हा पिल्लू पलीकडे पोचलेलं होतं आणि त्याचं बारसंही झालं होतं. नाव उंडो. उंडो म्हणजे आमच्याकडचा गोल, जाड सालीचा पाव. पिल्लू तसंच गोल होतं म्हणून. सुलू त्याला उताणं धरून सगळ्यांना पोट दाखवायची.

मी बाईंना विचारलं की पिल्लांना औषध दिलं का. त्या म्हणाल्या, आईच्या दुधावर असलेल्यांना कसली आलीय भानगड. मला तेव्हा काही माहीत नव्हतं. मांजरीच्या दुधातूनच पिल्लांना जंत होतात हे बाईंनाही माहीत नसेल, असं मी सुरुवातीला धरून चालले. पण म्हापशाच्या डॉक्टरांनी ते त्यांना पूर्वीच सांगितलेलं होतं. हे त्यांनीच मला पुढे सांगितलं. घरात राहिलेल्या दोन पिल्लांना त्यांनी मी नसताना, खिडक्या लावून, गुपचूप औषध दिलंही होतं. पलीकडे गेलेलं तेवढं राहिलं. ते द्यायचं तर उल्हासच्या दारात जाऊन आपल्या घरात काय आहे ते बोलावं लागलं असतं.

त्यांना बोलायची संधी मिळाली होती. एका सकाळी मी शाळेत असताना सुलूची आई कुंपणाशी आली. नवऱ्याचं बोलणं बंद असलं तरी ती येत असे. तिने विचारलं, "बाई, ताचें पोट मातशें व्हड दिसता. पोटांत किडे बी आसतले?" पोट जरा मोठं दिसतंय, किडे असतील का, असं तिचं म्हणणं.

बाई म्हणाल्या, "माझ्या घरचं पिल्लू आहे ते. दूध जास्त होत असेल. कमी पाजा."

ती बरं म्हणून गेली. बाईंनी सांगितलं म्हणजे झालं. घरी जाऊन तिने सुलूला ताकीद दिली की उंडोला दूध कमी दे, बाईंनी सांगितलंय. पण पिल्लू ओरडत राहायचं. खाल्लेलं त्याच्या अंगी लागत नव्हतं, पोट तेवढं टरटरलेलं आणि पाठीचा कणा हाताला लागायचा. सुलू आईचा डोळा चुकवून त्याला आपल्या पेल्यातलं दूध द्यायची.

तो रविवार होता. जेवणं व्हायची होती. सुलू कुंपणातून आली ती टॉवेलात गुंडाळलेलं पिल्लू घेऊन, आणि तिला धड रडताही येत नव्हतं. "बाईआजी, हांवें ताका चड दूद दिलें," एवढंच ती परत परत म्हणत होती. मीच जास्त दूध दिलं.

बाईंनी पिल्लू मांडीवर घेतलं. ते लुळं पडलं होतं. त्याने एक उचकी दिली आणि तोंडातून थोडा फेस आला, आणि फेसाबरोबर शिजलेल्या शेवईसारखं काहीतरी पांढरं, वेटोळं झालेलं. मी समोरच होते, मला स्पष्ट दिसलं. सुलू डोळे पुशीत होती. तिची मान वर व्हायच्या आत बाईंनी ते पदराने टिपून घेतलं आणि पदर मुठीत गच्च धरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर दुसरीकडे वळवली. माणसाला आपल्यादेखत इतकं लहान होताना बघणं फार अवघड असतं.

मग त्या उठून लेबल खरवडलेली बाटली घेऊन आल्या. त्या दिवशी खिडक्या लावल्या नाहीत. पण पिल्लाला गिळताच येत नव्हतं, थेंब त्याच्या गालावरूनच ओघळले. औषधाची वेळ कधीच गेली होती. थोड्या वेळाने पिल्लू गेलं.

उल्हासने त्याला परसात चिकूच्या झाडाखाली पुरलं. आमच्या मागच्या दारातून ऐकू येत होतं. तो सुलूला रागावला नाही. समजावल्यासारखं, हळू बोलला. बाईंनी सांगितलं होतं कमी पाज म्हणून, ऐकायला हवं होतं ना, असं काहीतरी. ज्या बाईंशी तो बोलत नव्हता त्यांचा शब्द त्याच्यासाठी अजून खरा होता. बाई माझ्याकडे पाठ करून चुलीपुढे उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. तरी त्या दिवशी त्या कुंपणापलीकडे गेल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी वर्गात सुलूने आपला डबा शेजारच्या मुलीला देऊन टाकला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. मी तिला बाजूला घेऊन विचारलं तेव्हा ती म्हणाली, जास्त खाल्लं की मरतात. घरी दूधही घेत नाही म्हणाली. रात्री तिला उंडो ओरडताना ऐकू यायचा.

संध्याकाळी मी हे बाईंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. निवडणं थांबलं नाही. मला त्यांचा राग आला आणि तो आल्याचं वाईटही वाटलं. नंतर, दिवेलागणीला, त्यांनी लुगडं बदललं. शाळेत समारंभाला नेसायच्या ते पांढऱ्यावर निळे काठ असलेलं नेसल्या आणि मला म्हणाल्या, "चल."

"कुठे?"

"तू नुसती उभी राहा. मी वाटेत परत फिरले तर मला बघणारं कुणीतरी हवं."

आम्ही कुंपणातल्या फटीतून नव्हे, रस्त्यावरून वळसा घालून पुढच्या दाराने गेलो. उल्हास सोप्यावर वर्तमानपत्र वाचत बसला होता. बाईंना पाहिल्याबरोबर तो उठून उभा राहिला. वर्गात बाई आल्यावर उठतात तसाच, पाय जुळवून. उठल्यावर त्याच्या लक्षात आलं असावं की आपलं बोलणं बंद आहे, पण आता बसणंही बरं दिसत नव्हतं. तो म्हणाला, "बसा, बाई."

"बसायला आले नाही," बाई म्हणाल्या. "सुलूला बोलाव. तिच्या आईलाही."

त्या दोघी आल्या. बाईंनी जे काही ठरवून आणलं होतं ते मराठीत सुरू केलं. 'माझ्याकडून एक गंभीर प्रमाद घडला आहे' असं पहिलं वाक्य होतं. सुलू त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. बाई थांबल्या. मग त्या खाली वाकल्या, गुडघे दुखायचे तरी तिच्याएवढ्या झाल्या.

"सुलू, तुजी चूक न्हय. ताच्या पोटांत जंत आशिल्ले. म्हाका खबर आशिल्लें. तुज्या आवयन विचारलें तेन्ना हांवें फट सांगली."

त्याच्या पोटात जंत होते, मला ठाऊक होतं, तुझ्या आईने विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. सुलूला अर्थ कळायला वेळ लागला. तिने विचारलं, मग दूध? बाई म्हणाल्या, दुधाने काही झालं नाही. तू दिलंस तेवढंच त्याला बरं वाटलं. सुलूने आणखी विचारलं, तुझ्याकडे औषध होतं? बाई हो म्हणाल्या. तेव्हा ती आईच्या मागे गेली आणि पुन्हा पुढे आली नाही.

उल्हासचं तोंड लाल झालं होतं. तो आता काय बोलेल या भीतीने मी खाली बघत होते. त्याने कितीतरी बोलायला हवं होतं, त्याचा तो हक्क होता. तो इतकंच म्हणाला, "बाई, तुम्ही खोटं बोलाल असं माझ्या मनातच आलं नाही."

तेही त्याने चांगल्या मराठीत म्हटलं. आम्ही घरी आलो. बाई पदर डोक्यावरून ओढून तशाच देवापुढे बसून राहिल्या. जेवल्या नाहीत. मीही नाही.

सुलू डबा खायला लागली. उल्हास रस्त्यात दिसला की मान हलवायचा. पण कुंपणातल्या फटीतून यायचं सुलूने बंद केलं. बाईंनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. लहान मुलं लगेच विसरतात असं मी एकदा त्यांच्या समाधानासाठी म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "विसरायला कशाला पाहिजे? तिने नाही विसरलं तर बरोबरच आहे."

त्यानंतर बाईंनी खिडक्या लावणं सोडून दिलं. औषधं आता पेडण्याच्या दवाखान्यातूनच यायची, विद्यार्थी असलेला कंपाउंडर स्वतः आणून द्यायचा, आणि बाई पायरीवर बसून सगळ्यांदेखत मांजराचा जबडा उघडायच्या. इतपत ठीक होतं. पण त्यांनी स्वतःला आणखी एक शिक्षा लावून घेतली. पिल्लू मागायला कुणीही आलं, मग ते ओळखीचं असो वा कारापूरचं कुणी पाहुणं, की त्याला उंडोची सगळी गोष्ट सांगायची. आपण काय लपवलं, काय उत्तर दिलं, पोरीवर आळ कसा आला, पदराने काय टिपलं. काही गाळायचं नाही. ऐकणाऱ्याला कुठे बघावं कळत नसे. मांजर न्यायला आलेली माणसं ती, एका म्हाताऱ्या मुख्याध्यापिकेची कबुली ऐकून त्यांनी काय करावं? मी असले की आत निघून जायची आणि उगाच भांडी वाजवायची. मी त्यांना सांगून पाहिलं की आता बास करा. त्यांना ते पटायचं नाही.

गोवा वेगळं राज्य झालं, भाषेचा वाद निवळला, लोक पुन्हा एकमेकांच्या चतुर्थीला जाऊ लागले. पुढे अशाच एका चतुर्थीनंतर एक बाई आपल्या सासूसाठी पिल्लू न्यायला आली. बाईंनी पिल्लू तिच्या हातात दिलं नाही, मांडीवरच धरून ठेवलं आणि गोष्ट सुरू केली. बाई पायरीवर, न्यायला आलेली अंगणात उभी, मी दारात. गोष्ट दुधापर्यंत आली होती.

कुंपणापलीकडून सुलूचा आवाज आला. ती तिथे कधीपासून उभी होती कोण जाणे. तोवर ती चांगली उंच झाली होती, तिची मान कुंपणावरून दिसत होती.

"पुरो आतां, बाईआजी," ती म्हणाली.

बाई मध्येच थांबल्या. कुंपणाकडे बघायचं धाडस त्यांना झालं नाही. त्यांनी पिल्लू त्या बाईच्या हातात दिलं, पदर सावरला आणि आत गेल्या. पंधरवड्याने औषध पुन्हा द्यायचं असतं, आणि ड्रॉपर गालाच्या बाजूने धरायचा असतो, हे त्या बाईला मग मीच समजावून सांगितलं.